स्वयंपाकघराच्या दाराने

टेनंट क्रीक
११ एप्रिल २००६

पोरी,

अक्षर नोरीनचं आहे, बोलणं माझं. मध्ये कुठे गोड वाटलं तर ते नोरीनने घातलंय असं समज आणि सोडून दे.

तू फोन उचलत नाहीस. ख्रिसमसपासून मी अकरा वेळा केला. अकराही वेळा यंत्रातल्या एका बाईने मला निरोप ठेवायला सांगितलं. त्या बाईशी आता माझं बरं जमलंय, पण तुझ्या डार्विन शहराची खबर ती काही देत नाही. म्हणून पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते बंद करता येत नाही. फाडशील म्हणा. पण फाडायच्या आधी कुणाचं आहे ते बघशील, आणि बघितलंस की वाचशील. लहानपणी साबणाच्या वेष्टनावरचंसुद्धा वाचायचीस तू.

तर खबर अशी, की मला नोकरी लागली.

हसून घे. झालं? आता ऐक. गुरांच्या स्टेशनवर, त्या मैलोगणती कुरणावर, स्वयंपाकीण. मे ते सप्टेंबर, रानातली जनावरं गोळा करायचा सगळा हंगाम. अकरा गुराखी, एक मॅनेजर, एक त्याची बायको. तीन वेळचं खाणं, दोन वेळचा चहा. दुकानाबाहेरच्या फळ्यावर चिठ्ठी होती. नोरीन ती मला गंमत म्हणून वाचून दाखवत होती. मी म्हटलं, "फोन लाव."

"कुणाला?"

"चिठ्ठीवाल्याला."

"मावशी, तुझं वय किती?"

"ते त्यांनी विचारायचं. तू नंबर फिरव."

मॅनेजरची बायको बोलली. बेथनी नाव आहे. आवाज कोवळा, शहरातला. विचारते, "तुम्हाला अनुभव आहे का?" मी म्हटलं, "माणसं जेवली की अजून मागतात. याला अनुभव म्हणत असतील तर आहे." मग जन्मतारीख विचारली. मी म्हटलं, एक जुलै. "आणि साल?" मी म्हटलं, साल वही लिहिणाऱ्या गोऱ्याने घातलंच नव्हतं, बाई. आमच्या सगळ्यांना त्याने एक जुलै वाटून टाकली आणि जेवायला गेला. ती हसली. हसणाऱ्या बाईकडे काम करता येतं.

स्टेशनचं नाव कॉर्कवुड.

आता तू पत्र खाली ठेवलंस. उचल.

वळकटी बांधायला घेतली आहे. ताडपत्री नोरीनच्या नवऱ्याची, घोंगडी माझी, उशी नाही. उशी लागते त्याने हॉटेलात राहावं. दोन झगे, एक स्वेटर, टोपी. बूट नवे घ्यावे लागले. जुन्या बुटांच्या तळातून मला वाट दिसायची. ब्लडप्रेशरच्या गोळ्या पाच महिन्यांच्या. नोरीनने त्या दवाखान्यातून मोजून आणल्या आणि डब्यावर सूर्य आणि चंद्र काढून दिले, कुठली कधी ते कळावं म्हणून. तिला वाटतं, मला अक्षर येत नाही म्हणजे सूर्यही ओळखता येत नाही. (मावशी, मी हे लिहितेय हां. — नोरीन) लिही, लिही.

शिवाय एक इनॅमलचा मग, कोरा, पांढरा, निळ्या काठाचा. आणि एक पहार.

नोरीन विचारते, स्वयंपाकिणीला पहार कशाला? मी म्हटलं, पाव कडक झाला तर.

आता कामाचं बोलते. बेथनीने एक फॉर्म पाठवलाय. त्यात एक ओळ आहे, काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं, सगळ्यात जवळचं माणूस. नोरीनने पेन उघडून विचारलं, "काय लिहू?" मी म्हटलं, माझी मुलगी. ती म्हणते, "मुलगी कळलं गं. नाव लिहायचंय." मी गप्प बसले. तिला ठाऊक आहे मी का गप्प बसले. तुलाही ठाऊक आहे. शाळेने दिलेलं ते क्रिस्टीन मी सांगणार नाही. ते मी ठेवलेलं नाही, आणि माझ्या तोंडात ते दुसऱ्याच्या कवळीसारखं बसतं.

तेव्हा ती ओळ रिकामी आहे. तू एक कर. बेथनीला फोन कर आणि तुझं तू सांग, काय सांगायचं ते. नंबर नोरीन खाली लिहील. एवढंच मागणं. बाकी बोलू नकोस हवं तर.

खाली काळा डाग आहे तो तव्याच्या काजळीतला माझा अंगठा.

तुझी आई

~

टेनंट क्रीक
१९ एप्रिल

पोरी,

तुझं पत्र आलं. तीन ओळींचं. नोरीनने वाचून दाखवलं: "आईला सांग, मला काळजी वाटते, तब्येत जप." मी म्हटलं, "नोरीन, ही माझी मुलगी नाही. खरं वाच." मग तिने खरं वाचलं. तेव्हा कुठे तुझा आवाज ऐकू आला.

"ज्या लोकांनी तुला ट्रकमध्ये भरून हाकललं, त्यांचीच भांडी घासायला मागच्या दाराने परत जाणार. लाज नाही वाटत? मी कुठेही माझं नाव देणार नाही."

छान लिहिलंस. नोरीन म्हणते, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी आहेत. त्या शाळेने नाव चुकवलं, पण एवढं बरोबर शिकवलं.

आता माझं ऐक.

भांडी मी घासणार नाही. त्याला यंत्र आहे, बेथनीने सांगितलं.

ज्यांनी हाकललं ते मेले. म्हातारा मालक घोड्यावरून पडून मेला, त्याच्या पोराने सगळं एका कंपनीला विकलं आणि समुद्रकाठी जाऊन तोही मेला. आता तिथे कंपनीचा मॅनेजर आहे. आपल्याला हाकललं तेव्हा त्याची आईसुद्धा शाळेत असेल. त्याच्यावर रागवायचं तर मला आधी त्याला सगळी गोष्ट सांगत बसावं लागेल.

ट्रकची तुला आठवण किती आहे? सहा वर्षांची होतीस. सरकारने सांगितलं, काळ्या गुराख्याला गोऱ्याइतकाच पगार द्या. म्हाताऱ्याने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दोन ट्रक आणून उभे केले. म्हणाला, बायकामुलांसकट चढा. तुझा बाप घोड्याचं खोगीर काढत होता. त्याला वाटलं, कुठे तरी कामाला नेतायत, म्हणून त्याने खोगीर बरोबर घेतलं. टेनंट क्रीकला येऊन तो ते खोगीर मांडीवर घेऊन बसला होता, घोडा नसलेला माणूस. मला तेव्हा हसू आलं होतं. अजून येतं. त्यानंतर मग येत नाही.

पण तुला राग त्या ट्रकचा नाहीच. ख्रिसमसला तू खरं बोलून गेलीस. तू माझ्यासाठी बघितलेल्या त्या म्हाताऱ्यांच्या घरातल्या, वृद्धाश्रमातल्या, खोलीला मी नाही म्हटलं. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते, तीच खोली. त्यावर तू चिडलीस आणि म्हणालीस, "सदतीस वर्षं झाली आई. आजी गेली आणि माझं नाव तुम्ही तिच्याबरोबर पुरलंत. एकदा, एकदाही तू मला नावाने हाक मारली नाहीस. पोरी! मी चव्वेचाळीस वर्षांची आहे!" आणि गाडीत बसून निघून गेलीस. केक तसाच राहिला. मी खाल्ला, वाया कशाला घालवायचा, पण चव लागली नाही.

तुझ्या जागी मीही चिडले असते. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावाच्या जिवंत माणसालाही त्याने हाक मारायची नाही, हे खरं; पण इतरांचं नाव वर्ष-दोन वर्षांत मोकळं होतं. नोरीनची मामेबहीण आजोबा गेले तेव्हा दीड वर्ष बिननावाची होती, मग झाली पुन्हा डॅफ्नी. तिला तर ते दीड वर्ष आवडलंसुद्धा, शाळेत हजेरीला ओ द्यावी लागत नव्हती. तुझं मात्र झालं नाही. का झालं नाही ते तू मला कधी विचारलं नाहीस, आणि मीही सांगितलं नाही.

आजही सांगत नाही. मागच्या दाराचं तू बोललीस ना, ते टोचलंय मला. टोचलेल्या तोंडाने बोलू नये.

फॉर्मवरच्या त्या ओळीत नोरीनने स्वतःचं नाव घातलं, तात्पुरतं. पेन्सिलीने. मीच सांगितलं पेन्सिलीने.

वळकटीत एक गोष्ट वाढली, फडकं, लांब, जाड. नोरीन म्हणते, आता हे कशाला? मी म्हटलं, गरम भांडं धरायला. ती म्हणाली, "एवढं मोठं भांडं?"

अंगठा.

~

टेनंट क्रीक
२७ एप्रिल

पोरी,

आज नोरीन म्हणाली, "मावशी, आधी पाणी पी, मग बोल." मी पाणी प्यायले नाही.

तू कॉर्कवुडला फोन केलास.

मी मागितला होता तो फोन केलास, पण नाव सांगायला नाही. म्हणालीस, आईचं वय सत्तरच्या आसपास आहे, रक्तात साखर आहे, ब्लडप्रेशर आहे, तिला कामावर घेतलंत आणि काही झालं तर जबाबदार तुम्ही. बेथनीचा मला फोन आला. बिचारी चाचरत होती. "टिल्ली, तुम्ही मला साखरेबद्दल सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, "तू मला तुझ्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल सांगितलंस का? माणसं हळूहळू कळतात."

ती हसली नाही. म्हणाली, डॉक्टरचा कागद आणा, नाहीतर कंपनी परवानगी देणार नाही.

काय गं, मी गाय आहे का? गळ्यात दोर टाकून या कुंपणातून त्या कुंपणात?

मंगळवारी विमानाने गावोगाव फिरणारा तो डॉक्टर आला. गुडघ्यावर हातोडी मारून बघत होता. त्याने मारली, माझा पाय उडाला आणि त्याचा चष्मा पडला. म्हणाला, "बरंच जोरात आहे." रक्त बघितलं. साखर आहे, पण गोळ्यांनी धरून ठेवलीय. त्याने विचारलं, "तिथे काम जड असेल ना, आजी? इथे काय करता दिवसभर?" मी म्हटलं, "इथे? सात पोरांचा, चार जावयांचा आणि कोण कुणाचे त्या पाहुण्यांचा स्वयंपाक करते. तिथे अकराच आहेत, आणि ते जेवून बाहेर जातात. मला विश्रांतीची गरज आहे डॉक्टर, म्हणूनच तर नोकरी धरतेय." त्याने सही केली. वर लिहिलं, रविवार पूर्ण सुट्टी द्यावी. तेवढंच मला हवं होतं, रविवार.

आता सांगते. रागात सांगतेय, पण तू सांगायला लावलंस.

माझी आई कॉर्कवुडच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं होती. तुझ्या आठवणीत ती असेल, मोठे हात, पिठाचा वास. ट्रक आले त्याच्या नऊ दिवस आधी ती गेली. ओढ्याकाठच्या त्या लाल डिंकाच्या झाडाखाली ठेवली. पुढचं सगळं व्हायचं होतं. जागा झाडायची, दगड लावायचे, ओल्या पाल्याचा धूर द्यायचा. तिचं जे काही होतं त्याला धूर, आपल्याला धूर, म्हणजे ती सुटते आणि आपण सुटतो. आणि मग काही काळाने तिचं नाव सुटतं. तू तिच्या नावाची. ते सुटलं की तुझंही सुटलं असतं.

नवव्या दिवशी ट्रक आले. धूर झाला नाही.

धूर न होता मी ते नाव कसं घेऊ? दोन दगडसुद्धा न लावता तिला रानात टाकून आलेली मी, वर तिचं नावही वापरायला काढू? तू म्हणशील, आई, हे कोण बघतंय. मी बघतेय. सदतीस वर्षं मी बघतेय.

मी गप्प बसले नव्हते गं. तीनदा परवानगी मागितली. पहिल्यांदा मिशनच्या पाद्र्याने पत्र लिहिलं, उत्तर आलं, हंगाम चालू आहे, जनावरं बिथरतील. दुसऱ्यांदा, पावसाने रस्ता खचलाय. तिसऱ्यांदा नोरीनने लिहिलं, तर म्हणाले, विमा. बाहेरच्या माणसाला साप चावला तर भरून कोण देणार. मी तिथे जन्मले. मला तिथले साप नावाने ओळखतात, पण बाहेरची मी.

तुला सांगितलं नाही, कारण तीनदा तोंड पडलं होतं. चौथ्यांदाही पडलं असतं, तर ते तुझ्यासमोर नको होतं.

आणि मग दुकानाच्या फळ्यावर ती चिठ्ठी. स्वयंपाकीण हवी. पोरी, स्वयंपाकिणीला परवानगी लागत नाही. तिला गाडी पाठवून नेतात.

तू लिहिलंस ना, मागच्या दाराने जाणार म्हणून? जाणार. त्या दाराची कडी माझ्या आईच्या हाताने झिजली आहे. त्या घराला दुसरं दार आहे हेच मला दहा वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. पुढून जातात ते पाहुणे.

आता कर फोन. डॉक्टरला कर, विमानाला कर, सरकारला कर. मी निघालेय.

(ताई, मी नोरीन. मावशी बाहेर गेली आहे, कोंबड्यांवर ओरडते आहे. तू रागावली आहेस ते मला कळतं. पण बुधवारी मी तिला स्टोव्हपाशी उभी पाहिलं, पाण्याला आधण येत होतं आणि ती तुझं नाव ओठांनी जुळवून बघत होती, आवाज न काढता. मला बघून तिने चहाला शिव्या घातल्या. हे मी तिला न विचारता लिहिलंय.)

अंगठा. जोरात उमटलाय.

~

टेनंट क्रीक
४ मे, सकाळ

पोरी,

थोडंच. टपालाचा ट्रक दुकानापाशी उभा आहे. कॉर्कवुडचा माल त्याच्यावर चढतोय, पीठ, बटाटे, इंजिनाचं तेल आणि मी.

वळकटी नोरीनच्या नवऱ्याने दोरीने बांधली. मी ती सोडून पुन्हा बांधली. सगळ्या जणी निरोप द्यायला आल्या आणि प्रत्येकीने काहीतरी कोंबलं. मोजे, बिस्किटं, कुणाचा तरी फोटो, माशांना मारायचा फवारा, बायबल. मी म्हटलं, मला वाचता येत नाही. म्हणे, असू दे, जड आहे, कागद उडू नयेत म्हणून वर ठेवता येईल.

ड्रायव्हर पोरगेला आहे. पहार बघून म्हणाला, "आजी, हे काय?" मी म्हटलं, "तू रस्त्यात फार बोललास तर." तेव्हापासून गप्प आहे.

तुझ्याकडून काही आलं नाही. नोरीन रोज पोस्टात जायची. काल जाऊन आली आणि म्हणाली, पोस्ट बंद होतं. बुधवारी पोस्ट बंद नसतं.

मी रडत नाहीये. डिझेलचा धूर आहे.

गाडी चालू झाली. अंगठा घे.

~

कॉर्कवुड
६ जून

वरती नाव लिहू नकोस, बेथनी. जागा सोड. ते शेवटी.

पोरी, अक्षर बदललंय बघ. नोरीन नाही इथे. लिहितेय ती मॅनेजरची बायको, मला पगार देणारी. मी सांगते आणि ती लिहिते. तुझ्या आजीने हे बघितलं असतं तर तिने हातातली पळी खाली ठेवली असती. बेथनी, थांबलीस का? हेही लिहायचं.

ट्रक आला तेव्हा ही पुढच्या पायऱ्यांवर उभी होती, हात पुढे करून. "या टिल्ली, या ना इकडून." मी तिला नमस्कार केला आणि घराला वळसा घालून मागे गेले. कडी तीच आहे. दारावर चार वेळा रंग चढलाय, पण अंगठा ठेवायची जागा तशीच खोलगट. माझा अंगठा तिथे बरोबर बसला. बेथनी घरातून धावत आली आणि स्वयंपाकघरात मला आतून भेटली. म्हणाली, "तुम्हाला मागचं दार कसं माहीत?" मी म्हटलं, "भूक लागली की वास कुठून येतो ते कळतं." तेव्हा एवढंच सांगितलं.

गुराखी बरे आहेत. त्यांत तीन पोरी आहेत, घोड्यावर पोरांच्या पुढे. पहिल्या दिवशी जेवताना एक म्हणाला, आधीची स्वयंपाकीण गोड करायची. मी म्हटलं, तिच्याकडे जा. दुसऱ्या दिवशी त्याने ताट चाटलं.

आता कुंडीची गोष्ट. बेथनी, मान खाली घालून लिही.

पुढच्या ओसरीवर एक मोठं बिडाचं भांडं होतं, तीन पायांचं, कडीचं. त्यात लाल जिरेनियम. त्याच्या कडेला एक टवका उडालेला. तो टवका मी उडवलाय. सात वर्षांची असताना ते भांडं माझ्या हातून विहिरीच्या दगडावर पडलं, आणि माझ्या आईने मला भांड्यापेक्षा जास्त ठोकलं. तीस वर्षं तिने त्यात पाव भाजला. ट्रक आले तेव्हा ते चुलीवर होतं. खाली उतरवायलाही दिलं नाही कुणी.

आणि आता त्यात फुलं.

दोन दिवस मी जाता-येता ते बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी जिरेनियम उपटलं आणि मातीसकट एका बादलीत लावलं. फुलांचा काय दोष. ही बाहेर आली. "टिल्ली! काय करताय? ते जुनं भांडं आहे, शोभेचं आहे!" मी म्हटलं, "शोभेचं नाही बाई. माझ्या आईचं आहे. ती इथे या चुलीपाशी होती. आणि ती तिकडे ओढ्याकाठी आहे. आणि मी स्वयंपाकाला आले, ते खरं आहे. पण तिच्यासाठी आले, ते जास्त खरं आहे. आता ठेवायचं तर ठेव, काढायचं तर काढ."

ही पायरीवर बसली. रडली असं मी म्हणत नाही.

(मी रडले. आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला माफ करा. — बेथनी)

माफी तुझ्या पत्रात लिही, हे माझं आहे. पुढे.

मग उठून म्हणाली, "कधी करायचंय?" मी म्हटलं, रविवारी. डॉक्टरने दिलाय. तिने नवऱ्याला विचारलं. बाहेरच्या बायका येणार म्हणताच तो विमा म्हणाला. ही त्याला म्हणाली, "त्या स्वयंपाकिणीच्या पाहुण्या आहेत, आणि तुला रात्रीचं जेवण हवंय ना?" शिकतेय पोरगी.

रविवारी नोरीनने गाडीतून दोन म्हाताऱ्या आणल्या. कोण ते तुला कळेल, नावं लिहीत नाही. एकीला दिसत नाही, दुसरीला ऐकू येत नाही, दोघी मिळून एक धड बाई होतात आणि रस्ताभर एकमेकींना घाई नको म्हणत होत्या. झाड आहे अजून. अर्धं वाळलंय, अर्धं फुटलंय. जनावरांनी तुडवून जागा सपाट करून टाकली होती. आंधळीने पायाने चाचपून सांगितलं, इथे. मी पहारीने दगड काढले, आम्ही लावले. आता कळलं ना पहार कशाला? तो इनॅमलचा मग तिच्याजवळ ठेवला. तिला चहा दुसऱ्याच्या मगात चालायचा नाही.

बाकी काय केलं ते या कागदावर येणार नाही. बेथनीला तेव्हाही मी गाडीपाशी थांबायला सांगितलं होतं आणि ती थांबली. एवढं लिहिते की पाला ओला होता, धूर भरपूर झाला आणि वारा नव्हता. भांडंही धुरातून काढलं. त्या जाड फडक्यात गुंडाळून परत आणलं. सोमवारी त्यात पाव भाजला. अकराही जणांनी खाल्ला. त्या गोडवाल्या पोराने चौथा तुकडा घेतला.

मग परत येताना त्या दोघी म्हाताऱ्या गाडीत मागे बसून म्हणाल्या, "झालं हो. मोकळं झालं. आता घे तू." मी म्हटलं, घेते, घाई काय आहे. गाडी ओढ्यापासून बरीच पुढे आली. मग बहिरी ओरडली, "घेतलंस का? मला ऐकू नाही आलं!"

तेव्हा घेतलं नाही. पहिल्यांदा ते फॉर्मवर पडावं असं मला वाटत होतं.

काल दुपारी ही कागदांचा गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "टिल्ली, इथे पेन्सिलीने नोरीन लिहिलंय. पण तुमच्या मुलीचा फोन आला होता ना एप्रिलमध्ये, ती सगळ्यात जवळची. तिचं नाव?" मी कणीक मळत होते. तीन गुराखी चहाला टेबलाशी बसले होते. म्हटलं, ऐकू देत, चांगलंच आहे. मी हात न पुसता सांगितलं. मोठ्याने. सदतीस वर्षांनी तोंड अडखळेल असं वाटलं होतं. नाही अडखळलं. जिभेवर त्याची जागा तशीच होती, त्या कडीसारखी.

हिने विचारलं, कसं लिहायचं? मी म्हटलं, मला विचारतेस? मग त्या तिघांतली एक गुराखी पोरगी म्हणाली, "खड्याचं नाव आहे ना, तसंच." हिने पेन्सिल खोडली आणि शाईने लिहिलं. मला दाखवलं. मला वाचता येत नाही, पण बघत बसले मी. इंग्रजी चार खुणा आहेत. पहिली गोल आहे, मगाच्या तोंडासारखी.

म्हाताऱ्यांच्या घरातली खोली दुसऱ्या कुणाला दे. हंगाम संपला की मी टेनंट क्रीकला जाईन, पुढच्या मे महिन्यात परत येईन. तुला राग धरायचा तर धर, त्याला माझी ना नाही. पण आता बिननावाने धरू नकोस.

बेथनी, आता वरच्या रिकाम्या जागेत लिही. नाही, खालीही लिही. दोन्हीकडे.

ओपल,

खालचा पांढरा ठसा पिठाचा आहे.

जुलैत शाळांना सुट्टी लागते ना, तुझ्या पोरांना घेऊन ये. मोठ्या रस्त्यावरून वळलीस की शंभर मैल कच्चं आहे, टायर जास्तीचा ठेव. फाटकाला कुलूप असतं. खांबाला फोन लावलाय, आतून विचारतात, कोण आलंय.

सांगून टाक. आणि मग घराला वळसा घालून मागे ये.